काचेच्या खोलीतला जाम

खुळ्, खुळ्, खुळ्.

मला आठवणारा पहिला आवाज हाच. तेव्हा मी झाड नव्हतो, फळाच्या पोटातली बी होतो. आमचं फळ पिकलं की आतून पोकळ होतं आणि बी गरापासून सुटून मोकळी होते. कुणीतरी ते फळ कानाशी धरून हलवलं. मी आणि माझी जोडीदार बी एकमेकींवर आपटलो. बाहेर कुणीतरी हसलं. ते हसू म्हाताऱ्या माणसाचं होतं, पण लहान मुलासारखं.

मी जाम बोलतोय. जामाचं झाड. बाजारात पांढरे, घंटेसारखे, पाण्याने भरलेले जाम मिळतात, ते आमचे चुलत भाऊ. माझं फळ फिकट पिवळं, लहान पेरूएवढं. गर पातळ, जरासा कुरकुरीत, गोडी बेताची. पण दात लागला की नाकात गुलाबाचा वास भरतो. आमची सगळी चव त्या वासात आहे. वास काढून घेतला तर मागे काही राहत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी हळू बोलतो. झाडाला घाई नसते, आणि मी ज्यांच्याकडून बोलायला शिकलो ते सियोनबाबाही हळूच बोलतात.

सियोन चेऊलकर मूळ रेवदंड्याचे. ही मंडळी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. बाबा पाचवीपर्यंत शिकले, तरुणपणी या देशात आले आणि लंडनजवळ स्लाउच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. आता ते आणि त्यांची बायको फ्लोराबाई मेडनहेडला राहतात. घराच्या मागच्या अंगाला काचेची एक खोली आहे. माझा मुक्काम तिथे.

मी रेवदंडा पाहिलेला नाही. माझा जन्म केंब्रिजचा. त्यांची नात मायकेला तिथे शिकायला होती. तिथल्या एका काचघरात जामाचं मोठं झाड होतं, आणि माळ्याने खाली पडलेलं एक फळ तिला दिलं. तिने ते मोज्यात गुंडाळून मेडनहेडला आणलं.

"आजोबा, ऐका ना! आत काहीतरी लूज आहे," ती म्हणाली.

बाबांनी फळ हलवलं, आणि मघाशी सांगितलं ते हसू हसले. "फ्लोरा, लवकर ये! अगं, जाम आलाय!"

फ्लोराबाई पिठाच्या हातांनी आल्या. त्यांनी फळ आधी नाकाला लावलं. बराच वेळ लावलं. "आमच्या विहिरीवर होतं हे झाड," त्या म्हणाल्या. "फळं टपाटप विहिरीत पडायची. पोहऱ्यातल्या पाण्यालासुद्धा गुलाबाचा वास यायचा. आई म्हणायची, फुकटचं सरबत."

तिघांनी मिळून एवढंसं फळ खाल्लं. मग आम्हा दोन बियांची वाटणी झाली. फ्लोराबाईंनी एक बी धुऊन वर्तमानपत्रावर खिडकीत सुकत ठेवली. भेंडी-दुधीचं बी त्यांच्या घरी असंच ठेवत. बाबांना मात्र दम निघेना. त्यांनी मला तशीच ओली, दह्याच्या रिकाम्या डब्यात माती भरून, बोटभर खोल घातली.

जामाची बी सुकली की मेली, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं. माझी जोडीदार आठ दिवसांनी मातीत गेली, पण उठली नाही. फ्लोराबाईंना त्याचं फार लागलं. त्या आणखी महिनाभर तिच्या कुंडीत पाणी घालत होत्या.

मी पाचव्या आठवड्यात वर आलो. एका बीतून तीन कोंब फुटले होते. बाबांनी एक ठेवला आणि बाकीचे दोन उपटताना त्यांना "सॉरी" म्हणाले. या देशात राहून लागलेली सवय. इथे माणसं खुर्चीला धडकली तरी खुर्चीची माफी मागतात. मला ती सवय आवडते.

माझ्यासारख्याने इथे जगायचं म्हणजे सोपं नव्हे. आम्हाला ऊब हवी, ओल हवी, ऊन हवं. इथे ओल तेवढी भरपूर. पहिल्याच थंडीत माझी निम्मी पानं करपली. बाबांनी खोलीत एक हीटर आणून ठेवला आणि मला जुन्या गोधडीत गुंडाळलं.

"झाडाला हीटर आणि मला शाल!" फ्लोराबाई म्हणाल्या. "सवत आणलीत हो घरात, या वयात."

"सवत नाही गं, नातवंड आहे."

"नातवंडं फोन तरी करतात."

दुसऱ्या वर्षी माझी पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं. बाबांनी खत घातलं, पाणी वाढवलं, मी आणखी पिवळा. शेजारी सुनेत्रा राहते, पुण्याची. रोज लॅपटॉप पाठीला लावून ट्रेनने लंडनला जाते. एक दिवस ती डबा परत द्यायला आली आणि मला पाहून थांबली.

"काका, याला पाणी कुठलं घालता?"

"नळाचं. रोज."

"तरीच! इथलं पाणी केवढं हार्ड आहे. तुमची किटली आतून बघा, कशी पांढरी झालीये. तेच याच्या मुळांना होतंय. गार्डन सेंटरमधून वॉटर बट आणा आणि रेन वॉटर द्या याला."

"म्हणजे पाऊस साठवायचा? मेडनहेडमध्ये?" बाबा विचारात पडले.

आतून फ्लोराबाई ओरडल्या, "पन्नास वर्षं त्या पावसाला नावं ठेवलीत, आता त्याच्यापुढे पिंप घेऊन उभे राहा!"

पिंप आलं. पन्हळीखाली बसलं. दोन महिन्यांत मी हिरवागार झालो. त्यानंतर बाहेर पाऊस लागला की बाबा खिडकीत उभे राहून खूश होत. सगळ्या गल्लीत पावसाने आनंदणारा तो एकटाच माणूस असावा.

आता फ्लोराबाईंच्या नाकाची गोष्ट.

त्यांचं नाक घरात प्रसिद्ध होतं. चार घरं पलीकडे कुणी लसूण फोडणीला टाकला तरी त्या सांगत. दोन हजार एकवीसच्या जानेवारीत दोघांनाही ती साथ लागली. दोघंही बरी झाली, पण फ्लोराबाईंचा वास गेला तो गेला. एक दिवस कांदा पातेल्यात जळून काळा झाला आणि त्या शेजारी उभ्या राहून ढवळत होत्या. बाबा धावत गेले, तेव्हा त्यांना कळलं.

नर्सने चार छोट्या बाटल्या दिल्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या, नाक हळूहळू शिकेल, असं सांगितलं. फ्लोराबाईंनी सहा महिने हुंगल्या. मग बाटल्या फडताळात गेल्या. "नाक म्हातारं झालं," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याला कोण शिकवणार?"

तेव्हापासून बाबा त्यांचं नाक झाले. काहीही असो, त्या ते बाबांच्या नाकाखाली धरतात. "बघा हो, दूध बरंय ना?" "बघा हो, वेलची उतरली का?" बाबा हुंगतात आणि सांगतात. दिवसातून दहा वेळा तरी.

पण एका गोष्टीला त्या बाबांचं नाक मागत नाहीत. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी लागणारा यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, शनिवारी संपताना यांच्या घरी लवंगांची डबी हातोहात फिरते. प्रत्येकाने वास घ्यायचा, म्हणजे येणारा आठवडा गोड जातो. फ्लोराबाई डबी नाकाला लावतात, "छान," म्हणतात आणि पुढे देतात. त्यांचं ते "छान" खोटं आहे हे बाबांना माहीत, आणि बाबांना माहीत आहे हे त्यांना माहीत.

अशाच एका शनिवारनंतर बाबा माझ्याजवळ येऊन बसले. माझ्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबा रे, एक फळ दे. तिला विहिरीवरचा वास आला तर तुझ्यानेच येईल. नाही आला तर नाही. पण एकदा बघू दे."

माझ्याकडे कुणी काही मागितलं, असं पहिल्यांदाच झालं. मला फार बरं वाटलं. आणि धडकीही भरली.

मागणं सोपं होतं. मला पाचव्या वर्षी पहिली फुलं आली. आमचं फूल म्हणजे पांढऱ्या तंतूंचा झुबका. पण फेब्रुवारीत बंद खोलीत भुंगा कुठून येणार? बाबांनी मग एक मऊ ब्रश घेऊन या फुलाचा पराग त्या फुलाला लावला. लग्नातल्या भटजीसारखे गंभीर चेहऱ्याने लावत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो! तो माझा पावडरचा ब्रश आहे!"

"त्यालाही थोडी पावडरच लावतोय."

तरी त्या वर्षी सगळी फुलं गळून गेली. फ्लोराबाईंनी मला बरंच ऐकवलं. "यांचे वडील म्हणायचे, आपल्या धर्मात नव्या झाडाचं फळ तीन वर्षं खायचं नाही. ते पाळायची यांची केवढी तयारी! आणि याने तर पाच वर्षं खायची वेळच येऊ दिली नाही."

पुढल्या वर्षी मी एक फळ धरलं. एकच. ते पिकलं सोमवारी. बाबांनी हलवून पाहिलं, खुळखुळलं, आणि त्यांनी ते अलगद तोडलं. मला वाटलं, झालं! आता हाक मारतील. पण बाबांनी ते टिश्यूत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं.

त्यांचीही चूक नव्हती. लहानपणापासून ते घरात आलेली सगळ्यात चांगली गोष्ट शुक्रवारच्या संध्याकाळसाठी ठेवत आले होते. मोठा पापलेट शुक्रवारी, नवा सदरा शुक्रवारी, पहिला आंबासुद्धा शुक्रवारीच. मेणबत्त्या लावायच्या, पांढरी चादर घालायची, आणि मग ती चांगली गोष्ट शब्बाथच्या टेबलावर यायची. जामही तसाच आला. पण जाम शुक्रवारची वाट बघत नाही. चार दिवसांत फळावर तपकिरी डाग पडले होते आणि वास उडून गेला होता.

फ्लोराबाईंनी फोड खाल्ली. "पाणी आहे नुसतं," त्या म्हणाल्या. मग बाबांकडे पाहिलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "गार आहे पण. बरं वाटलं."

बाबांनी उरलेली फोड हुंगली. त्यांनाही काही आलं नाही. तेव्हा त्यांना कळलं की दोष फ्लोराबाईंच्या नाकाचा नव्हता, निदान त्या दिवशी तरी. "मीच घालवला," ते मला म्हणाले. "पुढच्या वर्षी अशी चूक करणार नाही."

पुढचं वर्ष म्हणजे हे चालू वर्ष.

यंदा मी फुलं मे महिन्यात काढली. दिवस उबदार होते, बाबांनी दार उघडं ठेवलं, आणि एक गलेलठ्ठ केसाळ भुंगा आत शिरला. असा जाडा की माझी फांदी वाकली. दोन तास तो या झुबक्यातून त्या झुबक्यात लोळत होता. बाबा श्वास रोखून बसले होते. फ्लोराबाईंनी पावडरचा ब्रश उचलला आणि "आता हा मी परत घेते," म्हणून घेऊन गेल्या.

सहा फळं धरली! माझा आनंद मला मावेना. मग जुलैत दोघं मुलाकडे, बेनकडे, बेसिंगस्टोकला चार दिवस गेली आणि इकडे अशी उष्णता झाली की काचेच्या खोलीची भट्टी झाली. थंडीची भीती बाळगणारा मी उन्हाने होरपळलो. पाच फळं हिरवीच गळून पडली. एक राहिलं, पानांच्या सावलीत होतं म्हणून.

त्याच सुमाराला मायकेलाचं लग्न ठरलं. लग्न ठरलं की यांच्याकडे मलिदा करतात. गोड पोहे, त्यात नारळ आणि वेलची, ताटात त्यांच्याभोवती पाच फळं, आणि एलियाहू हन्नाबीची, म्हणजे त्यांच्या संदेष्ट्याची, प्रार्थना. दिवस ठरला सप्टेंबरातला एक रविवार. बेनचा फोन आला, तो फ्लोराबाईंनी स्पीकरवर ठेवला.

"ममी, फ्रूट्स मी आणतो. फाइव्ह ना?"

"चारच आण. पाचवं घरचं आहे म्हणतात तुझे पपा."

"फायनली! त्या ट्रीने फ्रूट दिला?"

"दिला म्हणजे लटकावून ठेवलाय. बघू."

मागून मायकेला ओरडली, "आजी, माझी झाड आहे ती! मी आणली होती!"

"तुझं झाड, बाई. 'माझं झाड.' लग्नात तरी नीट बोल."

म्हणजे माझं फळ ताटात जायचं ठरलं होतं. मलाही मान वाटला होता. पण मी काही कॅलेंडर बघून पिकत नाही. रविवारच्या आधीच्या बुधवारी सकाळी माझ्या फळाचा रंग फिका पिवळा झाला, आणि अख्ख्या खोलीत वास सुटला.

बाबा पिंपातलं पाणी घेऊन आले आणि दारातच थांबले. झारी खाली ठेवली. जवळ आले, फळ न तोडता नुसतं दोन बोटांनी हलवलं.

खुळ्, खुळ्, खुळ्.

त्यांनी ते तोडलं आणि तिथूनच हाक मारली. "फ्लोरा! इकडे ये!"

"पोळी तव्यावर आहे!"

"गॅस बंद कर आणि ये!"

बाबा मोठ्याने बोलले की घरात सगळे घाबरतात, कारण ते सहसा तसं बोलत नाहीत. फ्लोराबाई उलथनं हातात घेऊनच आल्या. फळ पाहिलं, आणि नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"आत्ता नाही हां," त्या म्हणाल्या. "रविवारी ताटात मांडायचाय. चारच दिवस तर राहिलेत."

"गेल्या वर्षीही चारच दिवस होते."

त्यांनी फळाकडे पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "आणि ताटात चार फळं ठेवायची? लोक काय म्हणतील? एलियाहू हन्नाबी काय म्हणेल?"

"तो सगळीकडे येतो म्हणतात. काचेच्या खोलीत नाही का येणार? आणि बेनला सांग, एक केळं जास्त आण."

"अहो, पण मला काही येणार नाही वास," फ्लोराबाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या. चार वर्षांत हे वाक्य त्या पहिल्यांदा बोलत होत्या. "उगीच फुकट जाईल. तुम्ही खा. तुम्हाला तरी कळेल."

"मला कळून काय करायचंय?" बाबा म्हणाले.

त्यांनी डोकं झाकायला एक हात डोक्यावर ठेवला, पुटपुटत फळाची बराखा म्हटली, म्हणजे देवाचे आभार मानले, आणि दोन्ही अंगठ्यांनी फळ फोडलं. आत दोन बिया होत्या, ओल्या, तपकिरी. अर्धं फळ बियांसकट त्यांनी फ्लोराबाईंच्या हातात दिलं.

इथे मी जरा थांबतो. वाचणाऱ्याला एक सांगायचं राहिलंय, आणि ते सांगायची जागा हीच.

तुमच्या हाती कधी जाम लागला तर ठेवून देऊ नका. पाहुण्यांसाठी नको, चांगल्या दिवसासाठी नको, ताटासाठीही नको. तो खुळखुळला की तोच त्याचा सण. आणि आम्हाला वाढवावंसं वाटलं तर बी सुकवू नका, पावसाचं पाणी द्या, थंडीत गोधडी द्या, उन्हाळ्यात दार उघडा, आणि पहिली पाच-सहा वर्षं आमच्याकडे काही मागू नका. नुसते येऊन बसत जा. एवढंच माझं मागणं.

तर फ्लोराबाईंनी घास घेतला. नेहमीसारख्या पटापट चावू लागल्या. औषध संपवावं तशा. बाबा माझ्या फांदीला धरून उभे होते.

फ्लोराबाईंचं चावणं हळू झालं. मग थांबलं.

त्यांनी हातातल्या फोडीकडे पाहिलं. ती उचलून नाकाशी नेली. डोळे मिटले. ती खाली आणली, पुन्हा वर नेली. बाहेर पिंपात पन्हळीचं पाणी थेंब थेंब पडत होतं, तेवढाच आवाज.

मी वाट पाहत होतो. नेहमीसारखी ती फोड आता त्या बाबांच्या नाकाखाली धरतील आणि म्हणतील, "बघा हो, येतोय का?" चार वर्षांची सवय ती.

त्यांनी धरली नाही. फोड स्वतःच्याच नाकाशी ठेवली, एकदा, आणखी एकदा, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. तरी त्या हसत होत्या. बाबांना कळलं होतं. त्यांनी माझी फांदी सोडली.

मग फ्लोराबाईंनी उरलेला गर सालीसकट खाल्ला. दोन्ही बिया तळहातावर घेतल्या. त्यांनी त्या धुतल्या नाहीत, पुसल्याही नाहीत. खिडकीतलं वर्तमानपत्र जवळच होतं, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फडताळाखाली अजून तो जुना दह्याचा डबा पडला होता, माझा पहिला डबा. त्यांनी उलथनं बाबांच्या हातात दिलं, डबा उचलला, ओल्या बिया मुठीत घट्ट धरल्या, आणि त्या बागेत मातीकडे निघून गेल्या.